जुन्या गाडीला इंजेक्शन

२०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे निवृत्त झाली. ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेल्या त्या गाडीची वीस वर्षांची मुदत भरली आणि वर्तमानपत्रांतून बरीच हळहळ व्यक्त झाली. टॅक्सीला मुदत असते. घरच्या गाडीला मात्र माया चिकटलेली असते. आमच्या गांधीबागेत कापडाच्या गाठींनी लादलेल्या हातगाड्या, ई-रिक्षा आणि स्कूटर यांच्या गर्दीतून एखादी पद्मिनी अजूनही वाट काढताना दिसते. कारखान्याने नाव बदलून पन्नासेक वर्षे झाली, तरी नागपूरकर तिला फियाटच म्हणतो.

अशी एक १९८४ ची फियाट आमच्या घरी आहे आणि तिच्यावरून वर्षभर वाद चालला आहे. पुण्याला नोकरी करणारा मुलगा म्हणतो, ‘‘बाबा, कार्बोरेटर काढा आणि इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन बसवा. कटकट संपेल.’’ तीस वर्षे गाडी सांभाळणारा आमचा मिस्त्री म्हणतो, ‘‘साहेब, बुढ्याले सलाईन कायले लावता? चालून तं राहिला ना!’’ दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. प्रश्न एका गाडीपुरता वाटला तरी तो तेवढाच नाही, म्हणून इथे मांडतो आहे.

आधी हे कार्बोरेटर प्रकरण काय आहे ते पाहू. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. हे प्रमाण जमवून देणारा, इंजिनाच्या तोंडाशी बसलेला स्वयंपाकी म्हणजे कार्बोरेटर. पिस्टन खाली गेला की हवा आत ओढली जाते. कार्बोरेटरचा गळा मध्येच अरुंद असतो. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि शेजारच्या वाटीतले पेट्रोल जेट नावाच्या बारीक छिद्रातून आपोआप वर खेचले जाते. वाटीत पेट्रोल किती राहावे हे फ्लोट ठरवतो, आपल्या गच्चीवरच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखा. वीज नाही, मेंदू नाही, केवळ हवेच्या ओढीवर चाललेला हा कारभार शंभरावर वर्षे बिनबोभाट चालला.

पण या स्वयंपाक्याचे माप ठरलेले. जेटचे छिद्र एकदा पाडले की तेवढेच. डिसेंबरच्या पहाटे इंजिन गार असले की चोक ओढून हवा कोंडावी लागते. चिखलदऱ्याला सुमारे अकराशे मीटर उंचीवर गेले की हवा विरळ होते, पेट्रोल मात्र नागपूरच्याच मापाने येत राहते. गाडी जड चालते आणि धूर काळा पडतो. आणि मे महिन्यातली गोष्ट तर नागपूरकराला सांगायलाच नको. पारा पंचेचाळीसवर गेला, सिग्नलला चार मिनिटे थांबावे लागले, की इंजिनाजवळच्या नळीत पेट्रोलची वाफ होते, एसी पंप पेट्रोलऐवजी वाफ ओढू लागतो आणि गाडी रस्त्याच्या मधोमध गप्प बसते. मग बॉनेट उघडायचे, पंपावर ओले फडके ठेवायचे आणि मागच्या हॉर्नकडे दुर्लक्ष करायचे. हा सोहळा एका पिढीने मनोभावे केलेला आहे.

इंजेक्शनमध्ये ही ओढाओढ नाही. टाकीजवळचा विजेचा पंप पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो, उरलेले परत टाकीत येते. त्यामुळे नळीत वाफ धरण्याची शक्यता फार कमी. हवेचा दाब, इंजिनाचे तापमान, पायाखालची रेस यांची खबर छोटे सेन्सर एका डब्याला देतात. हा डबा, म्हणजे ईसीयू, इंजेक्टरचे तोंड किती वेळ उघडे ठेवायचे ते सेकंदाच्या हजाराव्या भागात ठरवतो. धुराच्या पाइपावर बसवलेला ऑक्सिजन सेन्सर मागून कळवत राहतो की मिश्रण जास्त झाले की कमी. म्हणजे स्वयंपाकी तोच, पण आता तो ताटातले उष्टे पाहून पुढची भाजी करतो.

फरक किती पडतो, हे पीयूसीच्या नियमांतून कळते. भारत स्टेज दोनच्या आधीच्या पेट्रोल मोटारींना धुरात तीन टक्के कार्बन मोनॉक्साइड माफ आहे. स्टेज दोनच्या गाड्यांना अर्धा टक्का. सहापट अंतर. ते सारे इंजेक्शनमुळे नाही, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचाही त्यात वाटा आहे. पण मिश्रण अचूक नसेल तर कन्व्हर्टरही काही करू शकत नाही.

आजवर हे सारे हौसेचे होते. गाडी कुरकुरली तरी चालत होती. आता मात्र पेट्रोलच बदलले आहे, आणि वादाला धार आली आहे ती त्यामुळे. असे यापूर्वीही एकदा घडले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीटना शिशाचा आधार होता, तो गेला. तेव्हाही जुन्या गाड्यांचे मालक धास्तावले होते. पण शिसे मुलांच्या मेंदूला घातक होते, ते जायलाच हवे होते. आता २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले. ऊस, मका, तांदूळ यांपासून ते होते, शेतकऱ्याला पैसा मिळतो, परकीय चलन वाचते, हे मान्यच आहे. नागपूरला तर याचे अप्रूप जुने. इथेनॉलवर धावणारी बस आपण २०१४ मध्येच पाहिली.

अडचण जेटच्या त्या ठरलेल्या छिद्राची आहे. पेट्रोलला पावणेपंधरा किलो हवा लागते, इथेनॉलला नऊच. वीस टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा. ईसीयूला हे ऑक्सिजन सेन्सरकडून कळते आणि तो इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवतो. कार्बोरेटरला ते कोण सांगणार? तो जुन्याच मापाने वाढत राहतो. मिश्रण पातळ पडते, गाडी झटके देते, इंजिन तापते. शिवाय इथेनॉल जुने रबर खाते आणि हवेतले पाणी शोषते. महिना-महिना उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीला ते बरे नव्हे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटले होते की निव्वळ पेट्रोलसाठी बनवून दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या मोटारींचे मायलेज सहा ते सात टक्क्यांनी घटेल, दुचाकींचे तीन ते चार टक्क्यांनी. कार्बोरेटरवाल्या गाड्या तर त्याहून जुन्या.

तेव्हा मुलाचे म्हणणे खरे. पण मिस्त्रीचेही ऐकले पाहिजे, कारण इतिहास त्याच्या बाजूने एक गमतीदार साक्ष देतो. १९५८ साली अमेरिकेत क्रायसलर कंपनीने आपल्या काही गाड्यांना बेंडिक्सचे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसवले. त्या काळचे इलेक्ट्रॉनिक भाग उष्णता आणि धक्के सोसेनात. त्यांपैकी बहुतेक गाड्यांना पुढे पुन्हा कार्बोरेटर बसवण्यात आले! म्हणजे आरंभीच्या काळात अदलाबदल झाली ती उलट्या दिशेने. बेंडिक्सच्याच पेटंटांचा आधार घेऊन जर्मनीच्या बॉशने १९६७ मध्ये फोक्सवॅगनला यशस्वी इंजेक्शन दिले. आपल्याकडे १९९८ च्या सँट्रोने एमपीएफआय हे अक्षरचतुष्टय घरोघरी नेले, २००० च्या सुमारास मारुती ८०० नेही ते घेतले आणि इसुझू इंजिनाच्या अँबॅसेडरलाही कारखान्याने एमपीएफआय बसवले. अँबॅसेडरसारख्या आजीबाईला जे चालले, ते फियाटला चालणार नाही असे नाही.

मात्र कारखान्यात बसवणे वेगळे आणि गल्लीत बसवणे वेगळे. डायनॅमोवरच्या गाडीला आधी अल्टरनेटर लागतो, कारण पंप, इंजेक्टर आणि डबा यांना भरवशाची वीज हवी. पाइंट बदलून इलेक्ट्रॉनिक इग्निशन घ्यावे लागते. क्रँक कुठे आहे हे कळायला दात्यांचे चाक आणि सेन्सर हवा. टाकीपर्यंत परतीची नळी टाकावी लागते. मग लॅपटॉप जोडून दोन-चार दिवस मिश्रणाचा तक्ता जुळवायचा. एवढे करून खर्च गाडीच्या बाजारभावापुढे जाऊ शकतो. आणि रात्री अकराला काटोलच्या वाटेवर सेन्सर गेला तर? कार्बोरेटरचे जेट दाताने धरून फुंकता येते. ईसीयूला फुंकून काही होत नाही.

ही भीती मला अनोळखी नाही. १९८४ मध्ये रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाची शिफारस केली, पुढे आमच्या शाखेत लेजर पोस्टिंग मशीन आले आणि मग संगणक. जाडजूड लेजरवर बोट ठेवून ‘‘हा आकडा चुकलाय’’ म्हणणारे आमचे हेडक्लार्क त्या दिवशी एकदम म्हातारे दिसू लागले. काम वेगाने आणि अचूक झाले, यात वाद नाही. रात्री आठपर्यंत ताळा जुळवत बसलेल्या माणसाला तरी तो घालता येणार नाही. पण हिशेब कसा झाला हे काउंटरवरच्या माणसाला सांगता येईनासे झाले. ‘‘सिस्टीममध्ये तसे दिसते’’ हे वाक्य त्याच सुमारास जन्माला आले. तरी एक गोष्ट आम्ही सोडली नाही: खातेदाराच्या हातात पासबुक राहिले. आत यंत्र काहीही करो, नोंदीची प्रत मालकाकडे.

जुन्या गाडीच्या बाबतीत मला हेच सूत्र योग्य वाटते. इंजेक्शन जरूर बसवावे, पण तीन अटींवर. पहिली, ते परत काढता आले पाहिजे. कार्बोरेटरच्या जागी, त्याच बोल्टांवर बसणारी थ्रॉटल बॉडी घ्यावी. मूळ मॅनिफोल्ड कापू नये, इंजिनाला नवी छिद्रे पाडू नयेत. ऑक्सिजन सेन्सर नव्या पाइपावर बसवावा, जुना पाइप आणि कार्बोरेटर तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवावेत. दुसरी, डब्यातला तक्ता कुलूपबंद नसावा; त्याची प्रत मालकाला मिळावी, पासबुकासारखी. बसवणारा उद्या दुकान बंद करून गेला तर गाडी अनाथ होता कामा नये. तिसरी, आपल्या मिस्त्रीला त्या दोन-चार दिवसांत शेजारी बसवावे. कानाने ट्यूनिंग करणाऱ्या माणसाला पडद्यावरचे आकडे समजायला वेळ लागत नाही. त्याला कोणी बसायला सांगत नाही, एवढेच.

कायद्याची बाजूही पाहावी. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत फेरबदलांना मनाई करते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक भूमिका घेतली. इंजिन, क्रमांक आणि इंधन तेच राहत असले, तरी आरटीओत आधी लेखी विचारलेले चांगले. आणि गाडी पन्नास वर्षांपुढची असेल तर घाईच करू नये. २०२१ च्या नियमांनी अशा गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची खास विंटेज नोंदणी दिली आहे. पण त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी. तिथे कार्बोरेटर हाच दागिना. जी गाडी वर्षातून दोनदा मिरवायला निघते तिने तो घालावा. जिला नातवंडांना घेऊन रामटेकला जायचे आहे तिने इंजेक्शन घ्यावे. आमची दुसऱ्या जातीची आहे, म्हणून आम्ही वरच्या तीन अटींवर होकार दिला. मिस्त्रीही तयार झाला, ‘‘शिकून तं घेतो,’’ एवढे म्हणून.

पण हा मार्ग कोणासाठी? खर्च परवडणाऱ्यासाठी. गांधीबागेत सकाळी दुकाने उघडताना पाहा. दोन गठ्ठे पुढे, एक मागे बांधून जाणारा नोकर ज्या जुन्या स्कूटरवर असतो, तिच्यातही कार्बोरेटरच आहे. १ एप्रिल २०२० ला भारत स्टेज सहा येईपर्यंत आपल्या बहुतेक दुचाकी कार्बोरेटरवरच होत्या. त्या काही म्युझियममधल्या वस्तू नाहीत. त्यांच्यावर घरे चालतात. त्यांना कोण इंजेक्शन बसवून देणार?

वीस टक्के इथेनॉलबरोबर विनाइथेनॉल पेट्रोलचाही पर्याय मिळावा, ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. न्यायालयाचा मार्ग संपला असेल. शहाणपणाचा संपलेला नाही. जुन्या वाहनांसाठी दहा टक्क्यांचे पेट्रोल संरक्षक इंधन म्हणून ठेवावे, असे नीती आयोगाच्या त्याच आराखड्याने सुचवले होते. प्रत्येक पंपावर नको, शहरात ठरावीक पंपांवर एक नळी तेवढी राखून ठेवावी आणि नळीवर इथेनॉलचे प्रमाण ठळक अक्षरांत लिहावे. इथेनॉलला विरोध न करता हे करता येते. जुन्या गाड्या दरवर्षी कमी होत जाणारच आहेत. दहा-पंधरा वर्षांत ती नळी आपसूक बंद पडेल. तोवर ज्याला परवडते त्याने आपली गाडी बदलत्या पेट्रोलशी जुळवून घ्यावी, आणि ज्याला परवडत नाही त्याच्याशी पेट्रोलने थोडे जुळवून घ्यावे.