विमानतळावरची कला नेमकी कुणासाठी?

पुणे विमानतळाला जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचे नाव देण्याच्या प्रस्तावाला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. उद्या तिथे तुकोबांचे भव्य शिल्प बसवायचे ठरले, तर ते टर्मिनलच्या आत हवे की बाहेर?

मुंबईत काय झाले?
२०१४ मध्ये सुरू झालेल्या टी-२ मध्ये राजीव सेठी यांच्या संकल्पनेतून ‘जय हे’ हे कलादालन उभे राहिले. सुमारे तीन किलोमीटरची भिंत, हजारो कलावस्तू. पण टर्मिनलमध्ये शिरायलाच तिकीट आणि ओळखपत्र लागते.

बंगळूरूत वेगळे काय?
नोव्हेंबर २०२२ मध्ये केंपेगौडा यांचा १०८ फुटी पुतळा टर्मिनलबाहेर, विमानतळाच्या आवारात उभा राहिला. शिल्पकार धुळे जिल्ह्यातले राम सुतार. तो पाहायला विमानाचे तिकीट लागत नाही.

पुण्याची अडचण?
लोहगाव हा हवाई दलाचा तळ. त्यामुळे जागा आणि सुरक्षा, दोन्हींच्या मर्यादा आहेत.

मग पर्याय?
मेट्रो स्थानके. पिंपरीतील संत तुकारामनगर स्थानकाला तुकोबांचे नाव आधीपासूनच आहे. शिफ्टला जाणारे कामगार, विद्यार्थी तिथून रोज ये-जा करतात. पैसा जनतेचा असेल, तर ‘शिल्प विनातिकीट दिसले पाहिजे’ ही अट निविदेतच हवी.