ट्यूबची ऊब आणि ट्रान्झिस्टरची ताकद, म्हणे!

"पुढे ट्यूबचा प्रीअॅम्प, मागे सॉलिड स्टेट पॉवर अॅम्प. दोन्हीतलं उत्तम ते तुमच्या घरात!" ऑडिओच्या दुकानात हे वाक्य लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाच्या थाटात टाकलं जातं. पत्रिकेत गुण किती जुळले, ते मात्र कोणी सांगत नाही. माझं भांडण नेमकं इथेच आहे. जोडी वाईट नाही, उलट फार छान जमू शकते. पण ती 'ऊब' आणि 'ताकद' असल्या विशेषणांवर जमत नाही, आकड्यांवर जमते.

पहिला आकडा इम्पीडन्सचा. पॉवर अॅम्पचा इनपुट इम्पीडन्स प्रीअॅम्पच्या आउटपुट इम्पीडन्सच्या निदान दहापट हवा. १२एएक्स७ ट्यूबच्या अॅनोडवरून थेट सिग्नल बाहेर काढला, तर आउटपुट इम्पीडन्स सहज ४० किलोओहमच्या आसपास जातो. बऱ्याच सॉलिड स्टेट अॅम्पचा इनपुट असतो १० किलोओहम. म्हणजे पाचातला एकच भाग पुढे पोचला, बाकी वाटेतच गडप! त्याच प्रीअॅम्पला शेवटी कॅथोड फॉलोअर असेल तर हाच आकडा काही शे ओहमवर येतो आणि प्रश्न बराच सुटतो.

बराच, पूर्ण नाही. ट्यूब प्रीअॅम्पच्या आउटपुटला बहुधा एक कपॅसिटर असतो. तो ०.४७ मायक्रोफॅरडचा असेल आणि पुढे १० किलोओहमचा अॅम्प असेल, तर खालचे सूर ३४ हर्ट्झलाच ३ डेसिबलनी खचतात, आणि उतार त्याच्याही वरपासून सुरू झालेला असतो. तोच अॅम्प ४७ किलोओहमचा घ्या, ती मर्यादा ७ हर्ट्झवर जाते. कपॅसिटर याहून लहान असला तर डग्ग्याची घुमक पातळ होते, आणि त्यालाच लोक 'ट्यूबचा नाजूकपणा' म्हणून मिरवतात. धन्य आहे!

माझा एक मावसभाऊ निवृत्तीच्या पैशांतून अशी जोडी घ्यायला निघालाय. घरात कुमारांच्या आणि मल्लिकार्जुनांच्या रेकॉर्डी, खोली दहा बाय बारा. त्याला सुचवलाय २०० वॅटचा अॅम्प. इनपुट इम्पीडन्स किती, असं त्याने विचारलं तर उत्तर मिळालं, "साहेब, हे कानांनी ठरवायचं असतं."

ठरवू की कानांनी! पण मग दोन्ही अॅम्पचा आवाज मीटर लावून आधी सारखा करा. एकाचा गेन जास्त असला की तो किंचित मोठा वाजतो, आणि किंचित मोठं वाजणारं कानाला हमखास 'चांगलं' वाटतं. वर जास्त गेनचा अॅम्प ट्यूबची सूंSS सुद्धा तितक्याच इमानाने मोठी करून ऐकवतो. आणि वॅटचं म्हणाल तर १०० चे २०० केल्यावर वाढतात फक्त ३ डेसिबल. दहा बाय बाराच्या खोलीत त्याचं करायचं काय?

आता ती सुप्रसिद्ध ऊब. १९८५ साली अमेरिकेत बॉब कार्व्हरने 'स्टिरिओफाइल' मासिकाचं आव्हान घेतलं आणि आपला ट्रान्झिस्टर अॅम्प एका महागड्या ट्यूब पॉवर अॅम्पसारखा वाजवून दाखवला. मासिकाच्या ऐकणाऱ्यांना फरक सांगता येईना. ट्यूब पॉवर अॅम्पच्या आवाजाचा मोठा भाग त्याच्या जास्त आउटपुट इम्पीडन्समधून येतो, स्पीकरशी होणाऱ्या त्याच्या देवाणघेवाणीतून येतो. स्पीकरला सॉलिड स्टेट अॅम्प जोडला की तो भाग गेला. पुढे कितीही सुंदर ट्यूब लुकलुकत असल्या तरी तो परत येणार नाही. प्रीअॅम्प देईल तो थोडासा हार्मोनिक रंग. तो आवडत असेल तर जरूर घ्या, पण ऊब म्हणून भलतंच काही विकत घेऊ नका.

तेव्हा विचारायचं एवढंच: इनपुट इम्पीडन्स किती? (४७ किलोओहम किंवा जास्त असेल तर निम्मी काळजी मिटली.) गेन किती? आणि इनपुटला डीसी अडवायची सोय आहे का? कारण ट्यूब गरम होताना आउटपुटवर धक्के येतात, आणि ते थेट वूफरला बसतात. म्हणून चालू करताना प्रीअॅम्प आधी, अर्ध्या-एक मिनिटाने पॉवर अॅम्प. बंद करताना उलट.

या तीन प्रश्नांवर जो दुकानदार नुसता हसतो, त्याच्याकडे चहा प्यावा आणि निघावं. मावसभावालाही मी हेच सांगितलंय. वाचलेल्या पैशांत रेकॉर्डी येतात हो... आणि ऐकायच्या त्याच आहेत, अॅम्प नव्हे!