स्लॅब टाकला, पाणी कोण मारणार?

आपली माणसे जन्मभर दुसऱ्यांच्या इमारतींवर घमेली वाहतात आणि स्वतःच्या घराच्या वेळी मात्र चुकतात. आम्हीही चुकलो. फंडातून कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या. स्लॅब टाकला त्या संध्याकाळी पेढे वाटले, परंतु पाणी दोनच दिवस मारले. पहिल्याच पावसात छत गळू लागले.

सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याच्या योगाने घट्ट होते. ओल गेली की ते काम थांबते, स्लॅब कच्चा राहतो. म्हणून बंधू-भगिनींनो, एवढे कराच.

माल पातळ करू देऊ नका. ५० किलोच्या गोणीला २५ ते २७ लिटर पाणी पुरते. वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. दुसऱ्या दिवशी स्लॅबवर आळी करून दोन बोटे पाणी साठवा. पाण्याची टंचाई असेल तर ओली पोती अंथरा. गोणीवर 'पीपीसी' छापले असेल तर किमान १० दिवस, शक्यतो १४ दिवस ओल टिकवा. सेंटरिंगवाला पुढच्या कामासाठी प्लेटा मागायला लवकर येईल; १४ दिवस टेकूंना हात लावू देऊ नका.

घरातली सारी कामावर जात असतील तर पाळी लावा: सकाळी एकाने, संध्याकाळी दुसऱ्याने. दुपारचे शेजाऱ्यांना सांगा.

आमच्या स्लॅबवर आज पत्रे आहेत. कर्जाचे हप्ते मात्र स्लॅबचेच चालू आहेत.