बांधीतला वेगळा लोंब

बारावी झाली, पोलीस भरतीत दोनदा धावून झालं, आता पुढं काय? गावोगावच्या पानठेल्यावर हाच प्रश्न. "शेतीत काय ठेवलंय?" असं बापच पोराला सांगतो. बापाचं चुकतं असं आम्ही म्हणणार नाही. दीड-दोन एकरांत संसार ओढणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. पण 'आपला मार्ग आपणच शोधा' असा उपदेश करणारे पाहुणे तो शोधायचा कसा, हे काही सांगत नाहीत. म्हणून दादाजी खोब्रागडे यांची हकिगत पुन्हा सांगावीशी वाटते.

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातलं नांदेड हे त्यांचं गाव. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ साली 'पटेल ३' धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब वेगळे दिसले. दाणा पिवळसर, बारीक. असे लोंब आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. भेसळ म्हणायचं आणि मळणीत टाकायचं, ही आपली रीत. दादाजींनी ते निवडून बाजूला ठेवले. पुढच्या हंगामात वेगळे पेरले, डुकरांपासून राखले, पुन्हा त्यातून निवडले. हे करा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, अनुदान तर नव्हतंच. बाजारात या धानाचं नाव व्हायला सहा-सात वर्षं गेली. तेव्हा एचएमटी घड्याळाची चलती होती, तेच नाव धानाला पडलं. आज हा तांदूळ महाराष्ट्राबाहेरही पिकतो आणि शहरातला गिऱ्हाईक नाव घेऊन मागतो.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. नांदेड ९२, नांदेड हिरा, डीआरके असे आणखी वाण त्यांनी त्याच नजरेने काढले. आयुष्याचं काम त्यांना कुठं दूर जाऊन सापडलं नाही. ते रोजच्या धुऱ्यावर होतं, फक्त वाकून पाहावं लागलं आणि पाहिल्यावर चिकटून राहावं लागलं. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड.

आता गोष्टीची दुसरी बाजू, जी सत्काराच्या भाषणात येत नाही. कृषी विद्यापीठाने हेच बियाणं शुद्ध करून १९९८ साली 'पीकेव्ही एचएमटी' नावाने प्रसारित केलं. बियाण्याच्या धंद्यात पुष्कळांचे वाडे झाले. दादाजींच्या पदरात मानपत्रं पडली. २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. कलाम यांच्या हस्ते गौरव झाला, २०१० मध्ये 'फोर्ब्ज'ने दखल घेतली. ३ जून २०१८ रोजी ते गेले, तेव्हा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले होते आणि घरात पैशाची ओढाताण होती. स्वतःचा मार्ग धरणाऱ्याने उपाशीच राहावं, असा काही नियम आहे काय?

तेव्हा कायदा नव्हता. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतः जोपासलेला वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येतो, आणि त्यासाठी त्याला नोंदणी शुल्क पडत नाही. मात्र वाण इतरांहून वेगळा, एकसारखा आणि पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहणारा आहे, हे दाखवावं लागतं. म्हणजे कोणत्या साली लोंब निवडला, कुठं पेरला, काय उतरलं, याची वही हवी. साधी शंभर पानी चालते.

ग्रामसेवक आणि कृषी सहायक भाऊंना एवढंच विचारायचं आहे: आपल्या गावात असा कोणी पोरगा किंवा बाई आहे का, जी दरवर्षी वेगळं बियाणं मडक्यात राखते? तिचं नाव आपल्याला माहीत आहे का? सिंदेवाहीला कृषी विज्ञान केंद्र आहे, अर्जाची विचारपूस तिथं करता येईल. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला धान बांधीत उभंच असतं. सभा आटोपल्यावर अर्धा तास धुऱ्यावर फिरून यायला हरकत नसावी.