मूळ प्रत कोणी पुसायची?

कार्यालयातल्या सामायिक ड्राइव्हवरून एखादं फोल्डर अचानक नाहीसं होतं. चौकशी सुरू होते, बॅकअप काढायची तयारी होते आणि मग ते शेजारच्याच फोल्डरच्या पोटात सापडतं. कोणीतरी ते नुसतं निवडायला गेलेलं असतं. बटण दाबलेलं असताना हात किंचित सरकतो आणि विंडोज त्याला ओढणं समजते. विंडोजमध्ये ही मर्यादा मुळात फक्त ४ पिक्सेलची आहे. नेटवर्क सांभाळणारी मंडळी रजिस्ट्रीतले ‘ड्रॅगविड्थ’ आणि ‘ड्रॅगहाइट’ हे आकडे वाढवून ठेवतात, ते याच त्रासामुळे. जीटीके या टूलकिटमध्ये हीच मर्यादा ८ पिक्सेल आहे, क्यूटीमध्ये १०.

इंटरफेस लिहिणाऱ्या बहुतेकांचं लक्ष या सुरुवातीच्या भागावर असतं: ओढणं कधी सुरू झालं म्हणायचं, पॉइंटरखाली चित्र कसं दाखवायचं, टार्गेट, म्हणजे स्वीकारणारी जागा, उजळायचं कसं. हा भाग डोळ्यांना दिसतो, म्हणून तो नीट तपासलाही जातो. वापरणाऱ्याचं खरं नुकसान होतं ते बटण सोडल्यानंतर. माहिती एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जायची असते, आणि ‘मूव्ह’ असेल तर मूळ जागची प्रत पुसायची असते. ती पुसायची कोणी आणि कधी, हे टूलकिट घडवणाऱ्याने आणि वापरणाऱ्या प्रोग्रॅमरने आधी ठरवायला हवं. या मासिकाचं या विषयावरचं सगळं म्हणणं या एका प्रश्नाभोवती आहे.

चिन्हं ओढण्याची सोय १९८३च्या ॲपल लिसावर आणि १९८४च्या मॅकिंटॉशवर होतीच. पण तिथे ओढणारा आणि स्वीकारणारा बहुधा एकच प्रोग्रॅम असे, त्यामुळे वाद नव्हता. परक्या प्रोग्रॅममध्ये माहिती टाकण्याची सर्वसाधारण सोय यायला आणखी जवळजवळ दशक गेलं. १९९२च्या विंडोज ३.१ मध्ये फाइलींची नावं तेवढी सोडता येत. कोणत्याही प्रकारच्या माहितीसाठीचा पूर्ण करार १९९३च्या ओएलई २ ने आणला. इतका वेळ का लागला, हे अशा कराराची कलमं पाहिली की कळतं.

एक्स विंडो प्रणालीवरचा एक्सडीएनडी हा करार समजून घ्यायला सर्वांत सोपा, कारण त्यातला प्रत्येक निरोप उघड्यावर जातो. ओढणारा प्रोग्रॅम, म्हणजे सोर्स, पॉइंटरखालच्या खिडकीवर ‘एक्सडीएनडी-अवेअर’ हा गुणधर्म शोधतो. तो सापडला तर ‘एंटर’ हा निरोप जातो. एक्सच्या या निरोपात ३२ बिटांच्या पाचच जागा असतात: पहिलीत सोर्सच्या खिडकीचा क्रमांक, दुसरीत आवृत्ती आणि खुणा. उरल्या तीन, म्हणून माहितीचे तीनच प्रकार थेट सांगता येतात. जास्त असतील तर पूर्ण यादी सोर्सच्या खिडकीवर ठेवावी लागते आणि टार्गेटने ती तिथून वाचायची असते. हाताने लिहिलेल्या अंमलबजावणीत हा दुसरा रस्ता हमखास विसरला जातो, आणि चौथ्या प्रकारात माहिती हवी असलेलं टार्गेट गप्प राहतं.

पुढे पॉइंटर हलेल तसे ‘पोझिशन’चे निरोप जातात आणि प्रत्येकाला टार्गेटने ‘स्टेटस’ने उत्तर द्यायचं असतं. उत्तर आल्याखेरीज सोर्सने पुढचा निरोप पाठवायचा नाही, म्हणजे संथ टार्गेटच्या दारात निरोपांचा ढीग साचत नाही. बटण सोडलं की ‘ड्रॉप’, मग टार्गेट माहिती मागवतं, ती हाती पडली की ‘फिनिश्ड’. सोर्सने कोणतीही आवराआवर या शेवटच्या निरोपानंतर करायची असते. बटण सुटलं की काम संपलं असं धरून मोकळे होणारे सोर्स म्हणूनच धोकादायक ठरतात: टार्गेट माहिती मागायला येतं तेव्हा देणारा जागेवर नसतो.

विंडोजवर हेच काम निरोपांऐवजी फंक्शनच्या थेट हाकांनी होतं, आणि खड्डे वेगळे आहेत. ‘ड्रॉप’ची हाक पूर्ण होऊन परत येईपर्यंत सोर्स थांबून राहतो. टार्गेटने त्या हाकेतच मोठी फाइल उघडायला घेतली किंवा ‘नक्की का?’ विचारणारा डायलॉग दाखवला, तर फाइल एक्सप्लोररची खिडकी गोठते आणि वापरणारा एक्सप्लोररला बोल लावतो. माहिती घ्यावी, हाक परत जाऊ द्यावी आणि जड काम आपल्या रांगेत टाकावं, हा इथला शहाणपणाचा मार्ग आहे. आणखी एक खड्डा नवख्या माणसाचा अख्खा दिवस खातो. ‘ओएलई-इनिशियलाइज’ऐवजी नुसतं ‘को-इनिशियलाइज’ बोलावलं, तर ड्रॉप-टार्गेटची नोंदणी होत नाही आणि कारण म्हणून परत येतं ते ‘मेमरी अपुरी’. मेमरीचा तिथे काहीही संबंध नसतो.

वेलँड या खिडकी-प्रणालीवर माहिती पाइपमधून जाते: टार्गेट पाइप देतं, सोर्स त्यात लिहितो. दोघे एकाच प्रोग्रॅममध्ये, एकाच थ्रेडवर असतील आणि वाचणारा वाचून होईपर्यंत अडून बसला, तर लिहिणाऱ्याची पाळी येतच नाही. उलट बाजूने सगळं आधी लिहून मग वाचायचं ठरवलं, तर छोट्या मजकुरावर चाचणी पास होते. पण लिनक्सवर पाइपची नेहमीची क्षमता ६४ किलोबाइट आहे, त्याहून मोठं चित्र आलं की प्रोग्रॅम जागीच अडकतो. चाचणीसाठी चार शब्दांऐवजी काही मेगाबाइटचं चित्र ओढून पाहावं, हा आग्रह यासाठी.

आता मूळ प्रश्न. जमीन विकली, खरेदीखत झालं, तरी सातबाऱ्यावरचं जुनं नाव उतरवण्याचं काम वेगळं उरतं. ‘मूव्ह’मध्येही नवी प्रत तयार होणं आणि जुनी जाणं ही दोन कामं आहेत, आणि प्रत्येक प्रणालीने दुसरं काम वेगळ्या माणसावर सोपवलं आहे. ओएलईत टार्गेट ‘मूव्ह’ असं उत्तर देतं आणि सोर्स पुसतो. पण फाइलींच्या बाबतीत टार्गेटने स्वतःच फाइल हलवलेली असू शकते, आणि मग सोर्सला ‘तू पुसू नकोस’ हे कळावं म्हणून परतीचं उत्तर बदलावं लागतं. क्यूटीने या प्रसंगासाठी ‘टार्गेट-मूव्ह-ॲक्शन’ हे वेगळं मूल्य ठेवलं आहे. एक्सडीएनडीत टार्गेट आधी प्रत घेतं आणि मग ‘डिलीट’ या खास प्रकाराची मागणी करून सोर्सला पुसायला सांगतं. ही शेवटची मांडणी सर्वांत सुरक्षित आहे असं या मासिकाचं स्पष्ट मत आहे. माहिती नीट पोचली की नाही हे टार्गेटलाच माहीत असतं, तेव्हा पुसण्याचा इशाराही त्यानेच द्यायला हवा.

सोर्स घाईने पुसतो तिथे माहिती बुडते. दोघेही पुसत नाहीत तिथे दोन प्रती उरतात. दुसरी चूक त्रासदायक असली तरी निस्तरता येते. शंका असेल तिथे ‘कॉपी’वर थांबावं, एवढा नियम टूलकिटने स्वतःच पाळला तर कितीतरी जणांचं काम वाचेल. आणखी एक जागा: वापरणाऱ्याने ओळ उचलली आणि त्याच यादीत थोडी वर सोडली. इथे सोर्स आणि टार्गेट एकच. नवी ओळ वर घातल्यामुळे जुन्या ओळीचा क्रमांक एकने वाढलेला असतो, आणि पुसणारा कोड आधी लक्षात ठेवलेल्या क्रमांकावरची भलतीच ओळ पुसतो. यादीचं विजेट लिहिलेल्या जवळपास प्रत्येक माणसाला हा बग एकदा भेटतो.

देवनागरी वापरणाऱ्यांसाठी या व्यवहारात आणखी एक पदर आहे, आणि परदेशी टूलकिटांच्या चाचण्यांत तो क्वचितच असतो. ओढलेल्या फाइलींची नावं बहुधा ‘टेक्स्ट/यूआरआय-लिस्ट’ या प्रकारात येतात. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं आणि टक्क्याच्या खुणेसह लिहिलं की ९ अक्षरं. ‘मराठी’ एवढ्या शब्दाची ४५ अक्षरं होतात. ठरावीक लांबीचे बफर ठेवणारा जुना कोड इथे नाव मधेच तोडतो.

त्याहून अवघड आहे ‘ऱ’. युनिकोडमध्ये हे अक्षर एकसंध आहे, आणि ‘र’ अधिक नुक्ता अशी त्याची फोडही मान्य आहे. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्कवर नावं फोडलेल्या रूपात साठवली जात. अशा डिस्कवरून ‘दुसऱ्या सत्राचा अहवाल’ ही फाइल ओढली, तर पडद्यावर नाव अगदी तसंच दिसतं. पण बाइट वेगळे असल्यामुळे ‘ही फाइल आधीपासून आहे का’ या तुलनेत ती नवी ठरते. त्यातून एकाच नावाच्या दिसणाऱ्या दोन फाइली शेजारी शेजारी बसतात. तुलना करण्याआधी दोन्ही नावं एकाच सामान्य रूपात आणणं हा उपाय आहे, आणि तो टूलकिटच्या पातळीवर झाला तर उत्तम. डिस्कवरची फाइल उघडताना मात्र सोर्सने दिलेलं नावच जसंच्या तसं वापरायचं.

एवढं सगळं बिनचूक झालं तरी बटण दाबून धरून हात सरकवणं प्रत्येकाला जमत नाही. मॅकेन्झी, सेलेन आणि बक्स्टन यांनी १९९१मध्ये माऊस, टॅब्लेट आणि ट्रॅकबॉल यांवर तुलना केली होती. नुसतं नेम धरण्यापेक्षा ओढणं तिन्हींवर अधिक वेळखाऊ आणि चुकांचं ठरलं. कापणारा हात किंवा झिजलेला टचपॅड असेल तर फरक आणखी वाढतो. ऑक्टोबर २०२३मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ ने वेबसाठी हे निकषातच घातलं: २.५.७ नुसार ओढून होणारं काम, ओढणं अपरिहार्य असेल ते वगळून, न ओढताही करता आलं पाहिजे. डेस्कटॉपवरच्या टूलकिटांनी वेगळ्या सक्तीची वाट पाहायचं कारण नाही.

दोन रस्ते म्हणजे दुप्पट कोड असंही नाही. जावाच्या स्विंगने २००२च्या १.४ आवृत्तीत ‘ट्रान्सफर-हँडलर’ दिला, तो याच विचाराने. माहिती बांधायची कशी आणि सोडवायची कशी, हे एकदाच लिहायचं. ओढणं आणि कट-कॉपी-पेस्ट ही दोन्ही त्याच वर्गातून जातात. ओढण्याचा व्यवहार पुरा झाल्यावर ‘एक्सपोर्ट-डन’ला प्रत्यक्षात काय घडलं ते कळवलं जातं: कॉपी, मूव्ह किंवा काहीच नाही. मूळ प्रत पुसण्याचा कोड फक्त तिथे लिहायचा, आणि तोही ‘मूव्ह’ आलं असेल तरच चालवायचा. वापरणाऱ्याने मधेच एस्केप दाबलं, तर ‘काहीच नाही’ येतं आणि मूळ माहिती जागेवर राहते.