वाळूच्या टेकड्या आणि पायवाट

पेडण्यातील मोरजी-मांद्रेच्या किनाऱ्यावर फिरावयास येणाऱ्याला अडविण्याचे कारण नाही; समुद्र सर्वांचा आहे. प्रश्न पाऊल कोठे पडते हा आहे. किनाऱ्यामागील वाळूच्या टेकड्या मर्यादवेलीच्या आधाराने टिकतात. ती उडती वाळू अडविते व मुळांनी धरून ठेवते. वेल सतत तुडविली गेली की वाळू सुटते, आणि वादळी भरतीला माडांच्या बागांपर्यंत वाट मिळते.

२०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने गोव्यातील या टेकड्यांचे नकाशे करण्यास सांगितले, त्यांवर कोणत्याही कामास मनाई केली. मोरजी-मांद्रे ही कासवांच्या विणीची ठिकाणे म्हणून नोंदविली. तरीही टेकड्या सपाट करून उभी राहिलेली हॉटेले गोव्यात थोडी नाहीत. उपदेश मात्र चालणाऱ्याला! त्याने ठरल्या वाटेनेच जावे, हे खरे. पण ती वाट आधी सरकारने आखावी: वाळूपासून उचललेली लाकडी पायवाट, दोन्ही बाजूंना दोर. ती कोठून न्यावी हे रांपणकारांना विचारावे. होड्या ओढण्याच्या वाटा त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. बुलडोझरवाल्याला दोर पुरणार नाही. त्याने मोडलेली टेकडी वेलीसह त्याच्याच खर्चाने पुन्हा उभी करून घेतली पाहिजे.