थबकलेल्या पावलांसाठी पैसा कोण देणार?

सोलापूरहून विजापूरच्या रस्त्याने निघाले, की तासाभराच्या आत आमचे मंद्रूप लागते. ज्वारीच्या रानांमधले, मराठी आणि कानडी दोन्ही बोलणारे हे गाव. येथे एखाद्या आजोबांचा हात थरथरू लागला, की घरचे म्हणतात, "आता वय झालं." चालता चालता त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबले, तर "उगाच घाबरतात" असा शेरा मिळतो. कंपवात हा शब्द आपल्याकडे जुना आहे. पण या आजारात कापण्यापेक्षा न हलणेच माणसाला अधिक छळते, हे फारसे कुणी लक्षात घेत नाही.

जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरने १८१७ मध्ये या आजाराचे वर्णन केले, म्हणून त्याचे नाव पडले. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात आणि हालचाली मंदावतात. लेव्होडोपाच्या गोळीने ताठरपणा आणि मंदपणा पुष्कळ कमी होतो. मात्र दारातून जाताना, वळताना किंवा गर्दीत पाऊल अचानक गोठते, त्यावर गोळीचा भरवसा देता येत नाही. धड पुढे जाते, पाय मागेच राहतात आणि माणूस पडतो. खुब्याचे हाड मोडले, की सगळे घरच अंथरुणाभोवती फिरू लागते.

गंमत अशी, की याच माणसापुढे जमिनीवर आडव्या रेघा ओढल्या, तर तो त्या ओलांडत चालू लागतो. पर्डन मार्टिन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९६७ मध्येच हे नोंदवले होते. मूळच्या पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांना आपल्या काकांच्या बाबतीत असेच काही दिसले. सपाट जमिनीवर अडखळणारे काका जिना मात्र सहज पार करत. मग त्यांनी जिन्याचा भास होईल असे चित्र जमिनीवर अंथरले आणि काका त्यावरून चालले. २०१५ मध्ये टेडच्या व्यासपीठावरून त्यांनी ही हकीकत सांगितली.

उपाय इतका सोपा, मग संशोधन कशाला, असे कुणी विचारील. पण एका काकांना लागू पडलेली युक्ती शंभरांतील किती जणांना लागू पडेल? सवय झाल्यावर तिचा गुण टिकेल का? फरशीवर चालते ते सारवलेल्या अंगणात चालेल का? हे तपासल्याशिवाय डॉक्टर ती सुचवू शकत नाहीत, आणि तपासायला पैसा लागतो. कोटींचा नव्हे, काही लाखांचा. नेमका तोच मिळत नाही. सिद्ध झालेल्या गोष्टीला गुंतवणूकदार भेटतो; नुसत्या शंकेला कोण विचारतो?

आजची गोळी तरी कुठून आली? मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावर सर्पगंधेचा गुण जगापुढे मांडला. पुढे सर्पगंधेतून रेसर्पिन वेगळे काढले गेले. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी ते सशांना दिले, तेव्हा ससे निपचित पडले. लेव्होडोपा टोचताच पुन्हा हलू लागले. हे १९५७ साल. त्यातून डोपामिनचे महत्त्व कळले आणि कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळाले. लेव्होडोपा आपल्या खाजकुहिलीच्या बियांतही असते. पण रक्तदाबाचा अभ्यास चालू असताना त्यातून कंपवाताची वाट निघेल, असे कोणत्या अर्जात लिहिता आले असते?

आपला देश २०२०-२१ मध्ये संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के खर्च करत होता. २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. त्यासाठी पाच वर्षांत पन्नास हजार कोटींचा संकल्प असला, तरी मोठा वाटा सरकारबाहेरून यायचा आहे. नवउद्योजकांसाठी केंद्राच्या 'बायरॅक'चे पन्नास लाखांपर्यंतचे अनुदान आहे. ते चांगलेच आहे; पण फिजिओथेरपीच्या विद्यार्थिनीला किंवा तालुक्याच्या डॉक्टरला त्याही आधीची पायरी हवी.

गावात साध्या उपचारांची वानवा असताना संशोधनाची चैन कशाला, हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. पण येथील अंगण, उंबरठा आणि बैलगाडीची वाट परदेशी प्रयोगशाळेत कुणी मांडणार नाही. ते आपल्यालाच करावे लागेल. जिल्ह्यातील वैद्यकीय महाविद्यालयाला लहान, झटपट मंजूर होणारी अनुदाने द्यावीत. साखर कारखाने आणि गिरण्यांच्या मालकांनी सामाजिक निधीतला थोडा वाटा इकडे वळवावा. प्रयोग फसला तर तसे प्रामाणिकपणे छापण्याची अट घालावी. फसलेला प्रयोगही पुढच्याचा पैसा वाचवतो.

२०१६ च्या कायद्याने पार्किन्सनला अपंगत्वाच्या यादीत स्थान दिले. हक्क कागदावर आला. पाऊल पुढे पडण्यासाठी मात्र आधी कुणीतरी जमिनीवर रेघ ओढायला हवी, आणि त्या रेघेच्या खडूचे पैसे आपण द्यायला हवेत.